पाऊस नाही, तरी पर्जन्यमापकाची मोजणी वाढते (रास्पबेरी पाय ३)

प्रयोगवही

नमस्कार. शाळेच्या गच्चीवर मुलांसोबत छोटं हवामान केंद्र उभं केलं आहे. रास्पबेरी पाय ३ मॉडेल बी हा छोटा कॉम्प्युटर (पुढे नुसता 'पाय') वापरला आहे. तापमानाचा डीएस१८बी२० सेन्सर छान चालतो, त्याची तक्रार नाही. अडलंय ते पर्जन्यमापकापाशी.

मापक नेहमीचा, दोन खणांच्या डोलत्या बादलीचा. एक खण भरला की बादली पलटते, तिच्यावरचं चुंबक रीड स्विचसमोरून जातं आणि स्विच क्षणभर जुळतो. एका पलटीला ०.२७९४ मिमी पाऊस, असं सोबतच्या कागदावर छापलंय. स्विचची एक तार पायच्या जीपीआयओ ६ या सिग्नलच्या पिनला (पिन ३१), दुसरी ग्राउंडला (पिन ३४). पुल-अप (स्विच उघडा असताना तार ३.३ व्होल्टला ओढून धरणारा रेझिस्टर) पायच्या आतलाच, प्रोग्रॅममधून चालू केलेला. पायथॉन, आरपीआय.जीपीआयओ लायब्ररी, फॉलिंग एजवर (पिनवरचं व्होल्टेज खाली येताच) इंटरप्ट म्हणजे मोजणीचा इशारा, स्विचच्या थरथरीसाठी बाउन्स टाइम २०० मिलिसेकंद. वायर टेलिफोनची चपटी, गच्चीपासून कॉम्प्युटरच्या खोलीपर्यंत साधारण १५ मीटर.

याच्या शेजारीच मुलांनी नरसाळं आणि बाटलीचा साधा मापक ठेवला आहे. रोज सकाळी पाणी मोजपात्रात ओतून वहीत आकडा लिहितात. परवा दिवसभर कडक ऊन होतं, बाटली कोरडी ठणठणीत, आणि पायच्या नोंदीत ४.१९ मिमी पाऊस. म्हणजे १५ पलट्या! असं बऱ्याचदा होतं. रविवारी मात्र बरोबर शून्य येतं, त्यामुळे वाटतं की सुधारलं, आणि सोमवारी पुन्हा तेच. बाउन्स टाइम ५०० केला, थोडं कमी झालं, पण गेलं नाही.

सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, मग पाऊस पडतो तेव्हाचे आकडे तरी खरे कशावरून?" मला तिला नीट उत्तर द्यायचं आहे. कुठून शोधायला सुरुवात करू?


निळीतार

आधी यांत्रिक की विद्युत, एवढं वेगळं करा. बादलीखाली पुठ्ठ्याची घडी सरकवून ती एका बाजूला पक्की टेकवा, हलता कामा नये. एक दिवस तसंच राहू द्या. तरी मोजणी वाढली तर बादलीचा संबंध नाही. थांबली तर खांब वाऱ्याने हलतोय का ते बघा. बारीक पाइपवर मापक लावला असेल तर जोराच्या झोताने अर्धी भरलेली बादलीसुद्धा पलटते.


मल्टिमीटरकाका

निळीतार यांनी सांगितलेली चाचणी करा, उत्तम आहे. पण बाई, मला तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य फार मोलाचं वाटलं: रविवारी शून्य येतं. वाऱ्याला रविवारची सुट्टी नसते. शाळा चालू असताना जे चालू असतं आणि रविवारी बंद असतं, त्यातलंच काहीतरी तुमच्या वायरला छळतंय.

तुमचा प्रोग्रॅम सध्या काय साठवतो? दिवसाची बेरीज मिमीमध्ये साठवत असाल तर आजच बदला. प्रत्येक पल्सची (स्विच जुळल्याच्या प्रत्येक संकेताची) वेळ सेकंदापर्यंत लिहा, एका ओळीला एक पल्स, साध्या मजकुराच्या फाइलमध्ये. मिमी नंतर कधीही काढता येतात. बेरजेतून वेळा मात्र परत मिळत नाहीत.

एक खात्री करून घ्या: पाय ३ वर बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. वीज जाऊन आली आणि नेट नसेल तर त्याची वेळ मागे राहते. नेट पक्कं नसेल तर डीएस३२३१ या घड्याळाच्या चिपचं छोटं मॉड्यूल पिन ३ आणि ५ वर लावून टाका, वर्षाला मिनिटाच्या आसपास फरक पडतो, आपल्याला पुष्कळ झालं. मग दोन-तीन दिवसांची यादी इथे द्या.


प्रयोगवही

काका, यादी बघून वर्गात एकच गलका झाला. बादली टेकवून ठेवली होती, म्हणजे खरी पलटी एकही शक्य नव्हती. तरीही हे आलं (एका सकाळचा तुकडा):

११:००:०३
११:००:०४
११:३५:०२
१२:१०:०३
१२:१०:०३
१२:१०:०५
१२:४५:०२

ही आमच्या तासिकांची घंटा आहे! मुलांनी वेळापत्रक शेजारी धरून एकेक ओळ जुळवली. दुपारी दोन एकट्या नोंदी आहेत, त्या टाकीचा पंप चालू करायच्या वेळेच्या आसपास येतात. आणि वायर बघायला गेलो तर व्हरांड्यात ती घंटेच्या वायरीच्याच पट्टीतून गेली आहे, निदान ७-८ मीटर.

आता असं का होतं ते समजून घ्यायचंय. घंटेची वायर आणि आमची वायर एकमेकींना कुठेही जोडलेल्या नाहीत. आणि बाउन्स टाइम असूनही हे पल्स आत कसे येतात?


मल्टिमीटरकाका

वा. मुलांनी स्वतः जुळवलं हे सगळ्यात चांगलं झालं. आता सविस्तर लिहितो.

जुन्या धाटणीच्या विजेच्या घंटेत एक कॉइल आणि एक संपर्क असतो. कॉइलने टोला ओढला की तोच संपर्क सुटतो, टोला परत येतो, संपर्क पुन्हा जुळतो. सेकंदाला कित्येकदा. दर वेळी संपर्क सुटताना कॉइलमधला प्रवाह अचानक तोडला जातो. कॉइलला प्रवाहातला बदल मानवत नाही, ती साठवलेली ऊर्जा मोठ्या व्होल्टेजच्या झटक्याने बाहेर टाकते, ठिणगी उडते. घंटेच्या वायरीत अशा वेळी व्होल्टेज आणि प्रवाह दोन्ही अतिशय वेगाने बदलतात. शेजारून समांतर जाणाऱ्या वायरीत त्याचे पडसाद उमटतात: चुंबकीय क्षेत्रामुळे आणि दोन वायरींमधल्या नैसर्गिक कपॅसिटन्समुळे. जोडणी लागत नाही, जवळून बरोबरीने जाणं पुरतं. पंपाच्या मोटरचा स्विच पडतानाही हेच, फक्त एकदाच, म्हणून तिथे नोंद एकटी येते.

आता तुमची बाजू. पायच्या आतला पुल-अप साधारण ५० किलोओहमचा असतो. रीड स्विच उघडा असतो तेव्हा ती १५ मीटरची तार फक्त त्या पुल-अपच्या भरवशावर ३.३ व्होल्टला असते. हे म्हणजे दार नुसतं लोटून ठेवणं, कडी घातलेली नाही. शेजारून थोडा धक्का आला की पिनवरचं व्होल्टेज क्षणभर खाली जातं, पायला फॉलिंग एज दिसते, पलटी मोजली जाते.

बाउन्स टाइमबद्दल बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. तुमच्या लायब्ररीत बाउन्स टाइमचा अर्थ असा: पहिली एज मोज, आणि त्यानंतर इतके मिलिसेकंद येणाऱ्या एजकडे दुर्लक्ष कर. स्विचच्या पात्या जुळताना थरथरतात, त्या थरथरीसाठी हे ठीक आहे. पण पहिलीच एज खोटी असेल तर ती मोजली जाणारच. २०० चे ५०० केल्यावर आकडा कमी झाला, कारण एका घंटेतल्या चार खोट्या पल्सच्या जागी दोन मोजल्या गेल्या. रोग तसाच राहिला.

तेव्हा दुरुस्ती आधी तारांची, मग प्रोग्रॅमची.

पहिलं काम, वायर त्या पट्टीतून बाहेर काढा. घंटेच्या आणि दिव्यांच्या वायरींपासून हातभर लांबून न्या. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा. चपट्या वायरीऐवजी नेटवर्कची कॅट ५ केबल घ्या. तिच्यात तारांच्या जोड्या पिळलेल्या असतात. एकाच जोडीतली एक तार सिग्नलला आणि दुसरी ग्राउंडला द्या. पिळामुळे दोन्ही तारांवर जवळपास सारखाच पडसाद येतो आणि फरक फार कमी उरतो. सिग्नल एका जोडीत आणि ग्राउंड दुसऱ्या जोडीत दिलात तर पिळाचा काही उपयोग नाही, हे मुलांकडूनही तपासून घ्या.

दुसरं, पायच्या टोकाला बाहेरून पुल-अप: ४.७ किलोओहम (पिवळा, जांभळा, लाल), पिन १ च्या ३.३ व्होल्टपासून सिग्नलच्या तारेपर्यंत. पिन २ आणि ४ वर ५ व्होल्ट असतात, तिथे चुकूनही नको. पायची जीपीआयओ ५ व्होल्ट सोसत नाही. स्विच जुळल्यावर आता ०.७ मिलिअँपिअर वाहतील, आतल्या पुल-अपच्या दसपट. तेवढ्याने स्विचला काही होत नाही, उलट पात्यांवरचा पातळ मळ भेदायला मदतच होते.

तिसरं, फिल्टर. सिग्नलच्या तारेपासून पिन ३१ पर्यंत थेट जाऊ नका. मध्ये १० किलोओहम (तपकिरी, काळा, नारिंगी) टाका आणि पिनपासून ग्राउंडला १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर, ज्यावर १०४ छापलेलं असतं. १० किलोओहम गुणिले १०० नॅनोफॅरड म्हणजे १ मिलिसेकंद. मायक्रोसेकंदांचे झटके त्यात विरून जातात, खरी पलटी आरामात पोचते. तो १० किलोओहम आणखी एक काम करतो: तारेवर मोठा झटका आला तरी पिनमध्ये जाणारा प्रवाह अडवतो.

काही ठिकाणी कपॅसिटर थेट रीड स्विचच्या दोन टोकांवर लावलेला दिसतो. तसं करू नका. स्विच जुळताच भरलेला कपॅसिटर पात्यांमधून एकदम रिकामा होतो, आणि त्या झटक्यांनी पात्या हळूहळू चिकटायला लागतात. मध्ये रेझिस्टर हवाच.

हे सगळं लावल्यावर प्रोग्रॅममधला आतला पुल-अप बंद करा. तो चालू राहिला तर व्होल्टेज तो आणि १० किलोओहम यांच्यात विभागलं जातं आणि स्विच जुळलेला असतानाही पिन शून्याऐवजी अर्ध्या व्होल्टच्या वर राहते. चालेल कदाचित, पण काठावर कशाला चालवायचं.

घंटेच्या आत हात घालू नका. तिथे मेन्सची वीज आहे. तिथे काही करायचं तर ते वायरमननेच करायचं.


पिकोप्रेमी

इतकं सोल्डरिंग करण्यापेक्षा मोजणीचं काम पिकोला (रास्पबेरीच्याच छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डाला) द्या. पायवर लिनक्स चालतो, तो भलत्याच कामात असताना इंटरप्ट उशिरा पोचतो. पिकोमध्ये ऑपरेटिंग सिस्टिमच नाही, मायक्रोपायथॉनमध्ये पाच ओळींत होतं. पिको डब्ल्यू घेतला तर गच्चीवरच डबीत ठेवून वायफायने आकडे पाठवता येतील.


मल्टिमीटरकाका

पिको चांगला आहे, २०२१ मध्ये आल्यापासून मीही त्याच्यावर बरंच काही केलंय. पण या मापकासाठी वेग हा प्रश्नच नाही. हिशोब करून बघा: ताशी १०० मिमी म्हणजे अक्षरशः कोसळणारा पाऊस. त्यात तासाला ३५८ पलट्या, म्हणजे १० सेकंदांना एक. लिनक्सला काही मिलिसेकंद उशीर झाला तरी काय बिघडतं?

आणि तीच १५ मीटरची वायर पिकोला जोडली तर पिकोही घंटा मोजेल. तुमच्या सूचनेतला खरा फायदा शेवटच्या वाक्यात आहे: पिको डब्ल्यू मापकाजवळ ठेवला तर लांब वायरच राहत नाही. विजांच्या मोसमात हे विशेष चांगलं, कारण गच्चीवरून खोलीत उतरणारी तांब्याची तार जवळ वीज पडली तर पायसुद्धा जाळू शकते. बाई, वळवाच्या दिवसांत ती वायर पायपासून सहज काढता येईल असा कनेक्टर ठेवा.

प्रोग्रॅमबद्दल एक सांगायचं राहिलं. पिगपिओ लायब्ररी तुमच्या पाय ३ वर चालते. तिच्यात ग्लिच फिल्टर आहे: पिन ठराविक मायक्रोसेकंद स्थिर राहिली तरच ती एज मानते. हा तुमच्या सध्याच्या बाउन्स टाइमपेक्षा वेगळा आणि इथे योग्य प्रकार. शिवाय ती दोन्ही एजच्या वेळा मायक्रोसेकंदांत देते, म्हणजे स्विच किती वेळ जुळलेला होता तेही लिहिता येतं. खऱ्या पलटीत चुंबक समोरून जायला वेळ लागतो, त्यामुळे तो कालावधी घंटेच्या झटक्यापेक्षा कितीतरी मोठा दिसेल. आधी हाताने बादली पलटवून तुमच्या मापकाचा कालावधी बघा, मग फिल्टर त्याहून बराच कमी ठेवा. पुढे कधी पाय ५ घेतलात तर मात्र लक्षात ठेवा, त्यात जीपीआयओ आरपी१ नावाच्या वेगळ्या चिपमागे गेले आहेत. पिगपिओ आणि तुमची आत्ताची लायब्ररी, दोन्ही तिथे चालत नाहीत. तिथे जीपीआयओ झीरो ही लायब्ररी वापरा.


प्रयोगवही

केबल बदलली, नवी वाट काढली, रेझिस्टर आणि कपॅसिटर मुलांनीच ब्रेडबोर्डवर लावून पाहिले आणि मग सोल्डर केले. घंटा वाजते, पंप चालतो, फाइलमध्ये एकही ओळ येत नाही. निळीतार, काका, मनापासून धन्यवाद.

मध्ये चांगला पाऊस झाला. आता उलटी अडचण. मुलांच्या मापकात ३८ मिमी भरला, पायच्या फाइलमध्ये १२१ ओळी, म्हणजे ३३.८ मिमी. पल्स सुटतायत का? फिल्टर फार कडक झाला का?


निळीतार

मापक पाणसाळीने तपासला का? तिरका असेल तर एक खण लवकर पलटतो आणि दुसरा उशिरा.


मल्टिमीटरकाका

फिल्टर कडक असता तर कालावधीच्या रकान्यात बऱ्याच नोंदी मर्यादेला चिकटलेल्या दिसल्या असत्या. तसं नसेल तर पल्स सुटत नाहीत, एका पलटीचं पाणीच ०.२७९४ मिमीचं नाही. हा विचित्र आकडा म्हणजे इंचाच्या हजार भागांपैकी अकरा भाग, ०.०११ इंच. कारखान्यातून निघतानाचं उद्दिष्ट. प्रत्यक्ष बादलीत त्याहून थोडं कमी-जास्त पाणी मावल्यावर ती पलटते. तेव्हा आता कॅलिब्रेशन करायचं, म्हणजे एका पलटीचं खरं पाणी मोजून ठरवायचं, आणि माझ्या मते या सबंध प्रकल्पातला मुलांसाठी सगळ्यात समृद्ध भाग हाच आहे.

मापकाच्या तोंडाची मापं द्या. समजा आतून ११ सेमी गुणिले ५ सेमी, म्हणजे ५५ चौरस सेमी. ०.२७९४ मिमी म्हणजे ०.०२७९४ सेमी. गुणाकार १.५४ मिली. कागदावरचा आकडा खरा असेल तर १५४ मिली पाण्यात १०० पलट्या व्हायला हव्यात. पाणी मोजा, सलाईनच्या नळीने थेंब थेंब सोडा, तासभर लागू द्या. घाईने ओतू नका. बादली पलटत असताना वरून येणारं पाणी आधीच भरलेल्या खणात जातं आणि मोजलं जात नाही. पलटायला अर्धा सेकंद धरला तर रिमझिमीत याचा परिणाम नगण्य, पण दहा सेकंदांना एक पलटी होणाऱ्या पावसात ५ टक्क्यांपर्यंत जातो. म्हणून डोलत्या बादलीचे मापक मुसळधार पावसात कमी दाखवतात, अगदी व्यावसायिक असले तरी.


प्रयोगवही

माप तंतोतंत तेच आहे, ११ बाय ५. मापक पाणसाळीने सरळ केला. दोन गटांनी वेगवेगळं केलं, दोघांच्या ९२ पलट्या आल्या. १५४ भागिले ९२ भागिले ५५, म्हणजे एका पलटीला ०.३०४ मिमी. मग १२१ पलट्यांचे ३६.८ मिमी होतात. मुलांच्या ३८ शी फरक फक्त १.२ मिमी!

बादलीखालच्या स्क्रूने पलटी ०.२७९४ वर आणू का? आणि आधीच्या महिन्यांच्या नोंदींचं काय करायचं? मुलांनी त्यावर आलेख काढून भिंतीवर लावले आहेत.


मल्टिमीटरकाका

दोन्ही गटांचा आकडा सारखा आला म्हणजे काम नीट झालंय. उरलेल्या १.२ मिमीच्या मागे लागू नका. मुसळधारेतली गळती आहे, वारा आहे, आणि वेगवेगळ्या आकाराची दोन तोंडं एकाच गच्चीवर कधीच तंतोतंत सारखा पाऊस झेलत नाहीत. जमल्यास मापक कठड्यापासून लांब न्या, निदान कठड्याच्या उंचीच्या दुप्पट.

स्क्रूला हात लावू नका. आकडा प्रोग्रॅममध्ये बदला, आणि पलट्यांच्या फाइलमध्ये नाही, हिशोबाच्या वेगळ्या फाइलमध्ये. दर मोसमाच्या सुरुवातीला मुलं पुन्हा मोजतील, नवा आकडा येईल, तारखेसह तिथे लिहा.

जुन्या नोंदींत फक्त दिवसाची बेरीज आहे, त्यातून घंटा आणि पाऊस वेगळे करता येणार नाहीत. पण पुसू नका. एक रकाना वाढवून त्यात कारण लिहा: या तारखेपर्यंत विद्युत खोट्या पल्स मिसळलेल्या. त्या महिन्यांचे आलेख मुलांच्या वहीतल्या, बाटलीच्या आकड्यांवरून नव्याने काढा. तेच खरे आकडे आहेत, आणि रोज सकाळी न चुकता लिहिलेले आहेत. सातवीतल्या त्या मुलीला सांगा, तिच्या प्रश्नाचं उत्तर त्या वहीतच होतं. वही बंद करू नका, पाय कितीही चांगला चालला तरी.


प्रयोगवही

सांगितलं. नवे आलेख काढायचं काम तिनेच घेतलंय. वाऱ्याच्या वेगाचा कपांचा मापक पुढच्या आठवड्यात बसवतोय, त्यातही रीड स्विचच आहे. त्याला हाच फिल्टर चालेल का?


मल्टिमीटरकाका

चालेल, पण फिल्टरचा वेळ तपासून घ्या. वादळी वाऱ्यात कप इतक्या वेगाने फिरतात की पल्स पावसापेक्षा शेकडो पटींनी जास्त येतात. तिथे १ मिलिसेकंदाचा कपॅसिटर ठीक, पण २०० मिलिसेकंदांचा बाउन्स टाइम सगळा वारा गिळून टाकेल. पिगपिओचा फिल्टर २ मिलिसेकंदांवर ठेवून सुरुवात करा आणि कप हाताने जोरात फिरवून मोजणी पडताळा.